घरी बनवलेली कार: इंजिन मिळतं, बॉडी बनते, मग गाडी ड्राइव्ह शाफ्टवर का अडते?

डिसेंबर 2021 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार एका छोट्याशा व्हिडिओमुळे देशभर पोहोचले. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव ही देवराष्ट्रेची जुनी ओळख. त्या गावात लोहार यांनी भंगारातले सुटे भाग जोडून एक बुटकी जीप उभी केली होती. खर्च साधारण 60 हजार रुपये. गाडी सुरू करायची तर दुचाकीसारखी किक मारायची. व्हिडिओत लोकांना आवडली ती नेमकी ही किक.

उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तो व्हिडिओ शेअर केला, कौतुक केलं आणि या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये ही अदलाबदल झालीसुद्धा. या गोष्टीचा एक भाग मात्र आता फारसा कुणाला आठवत नाही. ही गाडी कुठल्याच नियमात बसत नाही आणि स्थानिक यंत्रणा आज ना उद्या ती अडवणार, हे महिंद्रा यांनीच त्या पोस्टमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. थोडक्यात, ज्या गाडीला देशानं डोक्यावर घेतलं ती रस्त्यावर चालवायची सोय नव्हती.

तेव्हापासून असे व्हिडिओ येतच आहेत. कुणी मारुती 800 चं इंजिन घेऊन बग्गी बनवतो, कुणी जुन्या मोटारसायकलवर चारचाकी उभी करतो. खाली कमेंटमध्ये दोन गट पडतात. एक म्हणतो, ‘याला सरकारनं मदत करायला पाहिजे.’ दुसरा म्हणतो, ‘आरटीओ झोपलंय का?’

या दोन्ही गटांना न दिसणारा एक भाग गाडीच्या पोटाखाली असतो. त्याचं नाव ड्राइव्ह शाफ्ट. गॅरेजमध्ये त्याला कुणी साइड शाफ्ट म्हणतं, कुणी नुसतं ॲक्सल. घरी बनवलेली गाडी चांगली की धोकादायक, हे बऱ्याच अंशी या हातभर लांब पोलादी दांड्यावर ठरतं. आणि तो तपासून देणारी व्यवस्था आपल्याकडे एकट्या माणसासाठी जवळपास नाहीच.

पीटीओ शाफ्ट माहीत असेल तर अर्धं काम झालं

धाराशिव जिल्ह्यात ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याला शाफ्ट म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. ट्रॅक्टरच्या मागून निघून रोटाव्हेटर फिरवणारा पीटीओ शाफ्ट त्यानं रोज पाहिलेला असतो. इंजिनाचा जोर यंत्रापर्यंत नेणं एवढंच त्याचं काम. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात, म्हणून रोटाव्हेटर वर-खाली झाला तरी शाफ्ट फिरत राहतो. मधे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या असतात, म्हणून अंतर कमी-जास्त झालं तरी चालतं.

आणि हा शाफ्ट कापावाही लागतो. नवा रोटाव्हेटर आणला आणि शाफ्ट लांब पडला, तर दोन्ही नळ्या आणि वरचं प्लॅस्टिकचं कव्हर सारख्या मापानं कापायचं, असं यंत्राच्या पुस्तिकेतच दिलेलं असतं. आतली नळी बाहेरच्या नळीत पुरेशी शिल्लक राहिली पाहिजे, एवढी काळजी घ्यायची. शिवाय बऱ्याच यंत्रांत एक शिअर बोल्ट असतो. रोटाव्हेटरमध्ये दगड अडकला की तो स्वस्तातला बोल्ट तुटतो आणि महागडा गिअरबॉक्स वाचतो. तो सारखा तुटतो म्हणून वैतागून तिथं जास्त कडक बोल्ट घालणारेही असतात. मग पुढच्या दगडाला गिअरबॉक्सच जातो.

कारच्या शाफ्टची गोष्ट हीच आहे, फक्त तिथं चूक खपवून घ्यायला जागा फार कमी. पीटीओ बहुतेक वेळा मिनिटाला 540 फेऱ्यांवर चालतो आणि ट्रॅक्टर शेतात असतो. कार रस्त्यावर असते, आत माणसं असतात, बाजूनं माणसं चालत असतात. शिअर बोल्ट तर कारच्या शाफ्टला नसतोच.

मुळात शाफ्ट बदलायची वेळ का येते?

समजा एखाद्या तरुणानं भंगारातून जुन्या मारुतीचं इंजिन आणि गिअरबॉक्स आणला. छोट्या बग्गीत तो मागे, चालकाच्या पाठीशी बसवायचा ठरवला. चासी स्वतः पाइप वाकवून, वेल्डिंग करून बनवली. आता गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचं अंतर मूळ गाडीइतकं राहत नाही. शाफ्ट एकतर लांब पडतो, नाहीतर आखूड.

इथं एक गंमत आहे, आणि ती पहिल्यांदा गाडी बनवणाऱ्याला हमखास चकवते. इंजिन आडवं बसवलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांत गिअरबॉक्स मधोमध नसतो, एका बाजूला सरकलेला असतो. त्यामुळे डावा आणि उजवा शाफ्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. घरी गाडी बनवताना मात्र माणूस नजरेनं जातो. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून तो गिअरबॉक्स मधोमध आणतो आणि दोन्ही शाफ्टची मापं एकदम बिघडवून बसतो. काही जण तर जागेच्या सोयीसाठी इंजिन उलटं फिरवून बसवतात. मग गाडीला पुढे जायला एक गिअर आणि मागे जायला चार गिअर मिळतात.

माप चुकलं की पुढचा विचार ठरलेला असतो: मधून कापू, वेल्ड मारू. गावात वेल्डर आहे, लेथ आहे, तासाभराचं काम. बाहेरून बघितलं तर शाफ्ट नव्यासारखा दिसतो. अडचण आतल्या पोलादात होते.

शाफ्टवर किती पीळ येतो?

थोडं गणित करू, फार अवघड नाही. छोट्या जुन्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पीळ देण्याची ताकद, साधारण 60 न्यूटन-मीटर धरू. इंजिनाचा पीळ गिअरबॉक्समध्ये अनेक पटींनी वाढतो. पहिल्या गिअरला एकूण 15 पट धरली तर 900 न्यूटन-मीटर होतात. दोन चाकांत वाटले तर एका शाफ्टवर 450. म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे 45 किलोचं धान्याचं पोतं लटकवलं तर जेवढा पीळ बसेल, तेवढा. आणि हा हिशोब गाडी शांतपणे सोडली तर. क्लच झटक्यात सोडला की क्षणभर त्याच्या कितीतरी पुढे आकडा जातो. रीलमध्ये चाकं जागच्या जागी फिरवून धूळ उडवायची असेल तर झटक्यातच सोडावा लागतो!

घरगुती गाड्यांत आणखी एक प्रकार दिसतो. खर्च वाचवायला डिफरन्शिअल काढून टाकतात आणि एकच सरळ दांडा दोन्ही मागच्या चाकांना जोडतात. अशा वेळी एक चाक चिखलात आणि दुसरं डांबरावर असेल, तर सगळा जोर डांबरावरच्या चाकाच्या बाजूनं येतो. वरच्या हिशोबात 450 च्या जागी 900.

आता जाडीचं बघू. भरीव शाफ्टची पीळ सोसण्याची ताकद जाडीच्या घनाप्रमाणे बदलते. 20 मिलिमीटरचा शाफ्ट लेथवर घासून 18 मिलिमीटरचा केला तर डोळ्यांना फरक कळत नाही, पण ताकद सुमारे 27 टक्क्यांनी कमी होते. बेअरिंग बसत नाही म्हणून ‘जरासं घासून दे’ असं टर्नरला सांगितलं जातं, तेव्हा हे 27 टक्के गेलेले असतात.

वेल्डिंगचा घोळ याहून वाईट. कंपनीचा शाफ्ट नुसता लोखंडाचा दांडा नसतो. मध्यम कार्बनच्या पोलादाला ठरावीक पद्धतीनं तापवून आणि थंड करून त्याची बाहेरची कातडी कडक केलेली असते, तर आतला गाभा चिवट ठेवलेला असतो. पीळ पडतो तेव्हा सर्वात जास्त ताण बाहेरच्या थरावरच येतो, म्हणून ही योजना. वेल्डिंगची उष्णता त्या कातडीची वाट लावते. जोडाच्या अगदी शेजारी पोलाद झपाट्यानं थंड होतं आणि काचेसारखं ठिसूळ होतं. थोडं पलीकडे गेलं की तेच पोलाद गरजेपेक्षा मऊ पडलेलं असतं. म्हणून बरेचदा वेल्ड शाबूत राहतो आणि शाफ्ट त्याच्या शेजारी तुटतो. मालक म्हणतो, ‘वेल्डिंग मजबूत होतं, माल खराब निघाला.’

याला उपाय आहेत. दोन तुकडे जाड नळीत घालून जोडणं, आधी तापवून वेल्ड करणं, मग राखेत किंवा चुन्यात हळूहळू थंड होऊ देणं. कमी ताकदीच्या, शेतात फिरणाऱ्या बग्गीत असा शाफ्ट बरेच दिवस चालूही शकतो. पण किती दिवस चालेल हे कुणालाच सांगता येत नाही, अगदी ज्यानं बनवला त्यालाही. पोलादाला थकवा येतो. सूक्ष्म तडा हजारो झटक्यांत थोडा थोडा वाढतो, आणि एक दिवस अगदी साध्या चढावर शाफ्ट जातो.

जास्त भरवशाचा मार्ग म्हणजे नवा शाफ्ट घडवणं. ईएन 19 किंवा ईएन 24 नावानं मिळणाऱ्या पोलादाचा दांडा घ्यायचा, मापात टर्निंग करायचं, टोकांना जॉइंटच्या मापाचे दाते पाडायचे आणि मग हीट ट्रीटमेंट करून घ्यायची. टर्निंग जवळच्या लेथवर होईल. दाते अचूक पाडायला आणि हीट ट्रीटमेंटला मात्र औद्योगिक वसाहत गाठावी लागते. धाराशिवमधून निघणाऱ्याला सोलापूर, छत्रपती संभाजीनगर नाहीतर पुणे. त्यातही एकाच गाडीचे दोन शाफ्ट हातात घेऊन गेलेल्या पोराला मोठा वर्कशॉपवाला दारात किती वेळ उभा करेल, हा प्रश्नच आहे.

आणि सर्वात शहाणा मार्ग सर्वात कमी लोक घेतात. शाफ्टला हातच लावायचा नाही. एकाच गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही शाफ्ट आणि चाकांचे हब असा सगळा संच जसाच्या तसा घ्यायचा आणि चासी त्या मापानं बनवायची. गाडी थोडी रुंद होते, इंजिन थोडं एका बाजूला दिसतं. पण कंपनीनं लाखो किलोमीटरच्या चाचण्यांतून ठरवलेला भाग तसाच राहतो.

लांबी एकच नसते

चाक खड्ड्यात गेलं की वर-खाली होतं आणि गिअरबॉक्सपासूनचं त्याचं अंतर बदलतं. म्हणून साइड शाफ्टच्या आतल्या टोकाचा जॉइंट थोडा आत-बाहेर सरकू शकेल असा असतो, तर चाकाकडचा जॉइंट मोठ्या कोनात वळू शकतो. साधारण 45 अंशांपर्यंत. आतल्या जॉइंटला तेवढा कोन झेपत नाही.

घरी मोजताना गाडी जॅकवर असते आणि चाकं खाली लोंबकळत असतात. त्या अवस्थेत घेतलेलं माप गाडी जमिनीवर आल्यावर खरं राहत नाही. शाफ्ट थोडा लांब राहिला तर मोठ्या खड्ड्यात तो आत ठोसा मारतो आणि गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियमचं कव्हर फुटतं. आखूड राहिला तर चाक लोंबकळलं की जॉइंट सुटतो. म्हणून माप तीनदा घ्यावं लागतं: चाक पूर्ण खाली, पूर्ण वर आणि गाडी आपल्या वजनावर उभी असताना. पुढच्या चाकांना जोर दिला असेल तर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवूनसुद्धा.

इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, अशी जुन्या जीपसारखी रचना असेल तर मधे लांब प्रोपेलर शाफ्ट येतो. त्याचं दुखणं वेगळं. साइड शाफ्ट चाकाच्या वेगानं फिरतो. ताशी 60 किलोमीटरला छोट्या चाकाचे मिनिटाला सहाशेच्या आसपास फेरे होतात. प्रोपेलर शाफ्ट डिफरन्शिअलच्या आधी असल्यामुळे तो त्याच्या कितीतरी पट वेगानं फिरतो. त्यावर वेल्डिंगचा नुसता 20 ग्रॅमचा गोळा मध्यापासून 4 सेंटीमीटरवर राहिला, तरी मिनिटाला 3000 फेऱ्यांना तो सुमारे आठ किलो वजनाएवढा ओढा देतो, आणि तोसुद्धा दर फेरीला दिशा बदलत. कापून जोडलेला प्रोपेलर शाफ्ट मशीनवर बॅलन्स करून घ्यावा लागतो तो यासाठी. शिवाय दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत हवेत. जोडताना नळी थोडी जरी फिरली तर गाडी विशिष्ट वेगाला थरथरते, आणि माणूस चाकं बॅलन्स करत बसतो.

तुटलाच तर काय होतं?

नशीब चांगलं असेल तर मोठा आवाज होतो आणि गाडी जागेवर थांबते. प्रत्येक वेळी तसं होत नाही.

सोलापूरकडून तुळजापूरला येताना घाट लागतो. उतारावर जड गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं, हे प्रत्येक चालकाला माहीत असतं. ही पकड चाकापर्यंत पोहोचते ती शाफ्टमधून. शाफ्ट तुटला की इंजिनाचा धरबंध संपला, आणि घरी बनवलेल्या गाडीचे ब्रेक त्या अचानक आलेल्या भाराला पुरतील याची खात्री कुणी दिलेली नसते. काही मागच्या ॲक्सलच्या रचनेत तर शाफ्ट चाकाला फिरवतोही आणि चाकाचा भारही पेलतो. तिथं शाफ्ट तुटला तर चाकच निखळून बाहेर येऊ शकतं. प्रोपेलर शाफ्टचं पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं तर गाडी मागून उचलली जाते. ड्रॅग रेसिंगच्या गाड्यांत प्रोपेलर शाफ्टभोवती लोखंडी कडं सक्तीचं केलं गेलं ते याच भीतीनं.

कोजागरीच्या आधी याच रस्त्यानं सोलापूरकडून हजारो भाविक रात्रभर तुळजापूरला चालत येतात. गाळपाच्या हंगामात जिल्ह्यात उसाच्या दोन-दोन ट्रेलरची रांग असते. गाडी बनवणाऱ्यानं स्वतःचा जीव धोक्यात घातला तर तो त्याचा निर्णय, असा युक्तिवाद या रस्त्यावर टिकत नाही.

महाराष्ट्रानं याची किंमत पाहिलेली आहे, गाडीत नाही तर हेलिकॉप्टरमध्ये. ऑगस्ट 2021 मध्ये, म्हणजे लोहार यांचा व्हिडिओ गाजण्याच्या चारच महिने आधी, यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीचा 24 वर्षांचा तरुण स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना गेला. हेलिकॉप्टर जमिनीवरच होतं. मागचं पातं तुटून वरच्या मोठ्या पात्यावर आदळलं आणि त्याचा फटका त्याला बसला. हातात वेल्डिंगची कला होती, शाळा आठवीपर्यंत. त्याच्याही कौतुकाचे व्हिडिओ निघाले, पण तो गेल्यानंतर.

कायदा नेमकं काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 39 नुसार नोंदणीशिवाय मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. ‘सार्वजनिक ठिकाण’ या शब्दाची व्याख्या मोठी आहे. जिथं लोकांना जाण्याचा हक्क आहे असा कुठलाही रस्ता किंवा जागा त्यात येते. म्हणजे हायवेवर नाही, शिवेच्या पाणंदीनं नेतो, ही पळवाट चालत नाही. स्वतःच्या शेतात, बांधाच्या आत गाडी फिरवायला मात्र नोंदणी लागत नाही.

मग नोंदणीच करून घ्यावी म्हटलं, तर अर्जासोबत फॉर्म 21 आणि फॉर्म 22 लागतात. पहिला विक्रीचा दाखला. दुसऱ्यात उत्पादक लिहून देतो की गाडी प्रदूषण आणि सुरक्षेच्या निकषांत बसते. घरच्या गाडीला विक्रेताही नाही आणि उत्पादकही नाही. उत्पादक व्हायचं तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 126 प्रमाणे नमुना गाडी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. यातल्या एआरएआय आणि सीआयआरटी या संस्था पुण्यात आहेत, व्हीआरडीई अहिल्यानगरला. धाराशिवहून त्या फार लांब नाहीत. लांब आहे ती त्यांची प्रक्रिया, कारण ती हजारो गाड्या काढणाऱ्या कंपनीसाठी आखलेली आहे. प्रवासी कारच्या चाचण्यांमध्ये गाडी अडथळ्यावर आदळून बघणं येतं. ज्याच्याकडे एकच गाडी आहे त्यानं तीच आदळवायची, तर मग नोंदणी कशाची करायची?

दुसरी वाट म्हणजे कागद असलेली जुनी गाडी घेऊन तिचंच रूप पालटायचं. तिथं कलम 52 आडवं येतं. नोंदणीच्या पुस्तकात उत्पादकानं दिलेली जी माहिती आहे तिच्याशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये केरळमधल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद कलम 182-अ मध्ये आली.

उत्तर भारतात पाण्याच्या पंपाच्या इंजिनावर चालणाऱ्या गाड्यांना ‘जुगाड’ म्हणतात. मे 2013 मध्ये राजस्थानातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जुगाड हेही मोटार वाहनच आहे, त्यालाही सगळे नियम लागू आहेत, असं सांगितलं. यामागचं कारण रास्त आहे. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही, आणि विमा नाही म्हणजे धडक बसलेल्या माणसाच्या घरच्यांनी भरपाई मागायची ती थेट गाडी बनवणाऱ्याकडून. ज्यानं 60 हजारांत गाडी बनवली, तो भरपाई कुठून देणार?

कायदा चूक आहे असं म्हणता येत नाही. तो अपुरा आहे. ‘हो’ म्हणायची रीतच त्यात ठेवलेली नाही.

बाहेरच्या देशांत हे कसं चालतं?

ब्रिटनमध्ये 1957 साली आलेली लोटस सेव्हन लोक सुट्या भागांत विकत घेत आणि घरी जोडत, कारण पूर्ण गाडीवर लागणारा खरेदी कर सुट्या भागांवर लागत नसे. करसवलत पुढे गेली, छंद राहिला. तिथं 1998 मध्ये एकेका गाडीची तपासणी करून मान्यता देणारी योजना सुरू झाली आणि 2009 पासून तिची जागा आयव्हीए नावाच्या चाचणीनं घेतली. सरकारी निरीक्षक ती एकच गाडी तपासतो: ब्रेक, स्टिअरिंग, सीटबेल्टचे आधार, दिवे, धूर, टोकदार कडा. गाडी आदळून बघत नाहीत. नापास झाली तर काय चुकलं ते लिहून देतात, दुरुस्त करून पुन्हा आणायची. ऑस्ट्रेलियातही घरी बनवलेल्या एकट्या गाडीसाठी वेगळी श्रेणी आहे, आणि मान्यताप्राप्त अभियंत्याची सही तिथं महत्त्वाची असते.

आपल्याकडे या जातीच्या गाड्या अजिबात झाल्या नाहीत असं नाही. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सनं लोटस सेव्हनच्या धाटणीची रोडस्टर बनवली होती. पण ती कंपनी होती. प्रश्न एकट्या माणसाचा आहे.

एकट्या गाडीची तपासणी भारतात अशक्य आहे, हा आक्षेप फार टिकणारा नाही. एक तर दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत बदल करायला नोंदणी अधिकारी परवानगी देऊ शकतात, तशी सोय कायद्यात आधीच आहे. दुसरं, विद्यार्थ्यांच्या स्पर्धांमध्ये हे दरवर्षी घडतं. बाहा एसएई इंडिया ही स्पर्धा 2007 पासून चालते आणि मध्य प्रदेशातल्या पीथमपूरच्या ट्रॅकशी तिचं नाव जोडलेलं आहे. देशभरातल्या अभियांत्रिकी कॉलेजांचे संघ एका आसनाची बग्गी बनवतात, त्यात महाराष्ट्रातले पुष्कळ असतात. तिथं शाफ्ट कापला म्हणून कुणी पकडत नाही, पण कसा बनवला, कोणतं पोलाद, किती ताण, याचा हिशोब मागतात. तांत्रिक तपासणीत पास झाल्याशिवाय गाडी ट्रॅकवर उतरत नाही. उतरल्यावर चार तासांच्या एन्ड्युरन्स शर्यतीत तिचा कस लागतो, आणि शाफ्ट तिथंही तुटतात. फरक असा की तेव्हा चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असतं, भोवती मजबूत पिंजरा असतो आणि समोर यात्रेकरू नसतात.

ही सोय कॉलेजात प्रवेश मिळालेल्यांना आहे. देवराष्ट्रेतल्या किंवा परंड्यातल्या गॅरेजवाल्याला नाही. धाराशिव 2018 पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, आणि कौशल्य विकास हा त्या कार्यक्रमाचा एक विषय. जिल्ह्यात आयटीआय आहेत, तिथं टर्नर-फिटर तयार होतात. तुळजापूरला आणि धाराशिवला अभियांत्रिकी कॉलेजं आहेत. एमएच 25 चं आरटीओ कार्यालय आहे. महिन्यातून एक दिवस गाडी घेऊन या, शाफ्ट आणि वेल्डिंग तपासून लेखी शेरा देतो, एवढं करायला नवा कायदा लागणार नाही. असा शेरा म्हणजे रस्त्यावर चालवायची परवानगी नव्हे. त्यासाठी ब्रिटनसारखी एकट्या गाडीची श्रेणी केंद्राला नियमांत आणावी लागेल, आणि ती आली तरी वेगाची, अंतराची मर्यादा घालूनच यावी. पण शेतात गाडी फिरवणाऱ्याला आपला शाफ्ट किती पाण्यात आहे हे आजच कळू शकतं.

तोवर गाडी बनवणाऱ्यानं काय करावं?

गाडी स्वतःच्या शेताबाहेर काढू नये, हे पहिलं. शाफ्ट कापण्याआधी पूर्ण संच मिळतो का ते भंगारवाल्याकडे बघावं. दोन दिवस जास्त फिरावं लागेल. कापलाच तर डायल गेज लावून शाफ्ट फिरवून पाहावा, काटा हलला तर तो वाकडा आहे. रबरी बूट फाटलेला असेल तर आत माती जाऊन जॉइंट खराब होतो, म्हणून तो बदलावा आणि ग्रीस भरावं. गाडीभोवती मुलं जमली असतील तर फिरता शाफ्ट उघडा ठेवू नये. पीटीओत धोतर किंवा ओढणी अडकून झालेले अपघात गावांना नवे नाहीत.

आणि रेसिंगवाल्यांची एक जुनी युक्ती आहे, तिला खर्च जवळजवळ शून्य. शाफ्ट बसवण्याआधी त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या ऑइल पेंटची एक सरळ रेघ ओढायची. दोन-चार दिवस गाडी चालवली की खाली वाकून ती रेघ बघायची. सरळ असेल तर ठीक. जिलबीसारखी थोडी जरी वळलेली दिसली, तर शाफ्टला कायमचा पीळ पडलेला आहे. तो त्याच दिवशी काढायचा.